एकाच चित्रावरचे दोन घाव

१/
१० मार्च १९१४. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मेरी रिचर्डसन नावाची स्त्री शिरली. तिच्याजवळ मांस तोडण्याचा सुरा लपवलेला होता. स्पॅनिश चित्रकार वेलास्केसच्या ‘रोकबी व्हीनस’ या चित्रासमोर ती थांबली आणि संधी साधून तिने काच फोडली, कॅनव्हासवर सपासप वार केले.

२/
६ नोव्हेंबर २०२३. तीच गॅलरी, तेच चित्र. ‘जस्ट स्टॉप ऑइल’ या संघटनेच्या दोन तरुण कार्यकर्त्यांनी हातोड्यांनी त्याच चित्राची काच फोडली. चित्राची निवड योगायोगाने झालेली नव्हती. स्त्रियांना मताधिकार मिळाला तो कृतीमुळे, आणि आज हवामानासाठीही कृतीच हवी, असे त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले.

३/
दोन्ही वेळी जनता संतापली. दोन्ही वेळी आंदोलकांना अटक झाली. मात्र या दोन घावांमधल्या जवळपास ११० वर्षांत ब्रिटनमध्ये आणखी एक गोष्ट घडत गेली, जी चित्रात दिसत नाही. निषेधाची प्रत्येक नवी रीत एक नवा कायदा मागे ठेवून गेली. लोकांचा राग, पोलिसांचा बंदोबस्त आणि कायद्याचे आयुष्य यांचा हा इतिहास.

४/
आरंभ मताधिकाराच्या लढ्यापासून. १९०३ मध्ये एमेलिन पँकहर्स्ट यांनी मँचेस्टरमध्ये ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’ स्थापन केली. अर्ज-विनंत्यांची दशके वाया गेली होती. म्हणून ब्रीद ठरले: शब्द नकोत, कृती हवी. या स्त्रियांना पुढे ‘सफ्रजेट’ म्हटले जाऊ लागले. हे नाव एका वृत्तपत्राने हिणवण्यासाठी दिले होते. त्यांनी ते अभिमानाने स्वीकारले.

५/
१८ नोव्हेंबर १९१० हा दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. सुमारे ३०० स्त्रिया संसदेकडे निघाल्या. महाराजा रणजितसिंह यांची नात राजकन्या सोफिया दुलीपसिंग या मोर्च्यात अग्रभागी होती. पोलिसांनी आणि बघ्यांच्या जमावाने सुमारे सहा तास स्त्रियांना ढकलले, मारले, त्यांच्या अंगाला हात घातले. शंभराहून अधिक जणांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी बहुतेकांवरील आरोप मागे घेण्यात आले.

६/
आरोप मागे घेण्याचा निर्णय गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या खात्याचा होता. खटले उभे राहिले असते तर पोलिसांच्या वर्तनाचीही चर्चा झाली असती. स्त्रियांनी त्या दिवसातून वेगळाच धडा घेतला. मोर्चा काढला की मार खावा लागतो आणि अटक होतेच. मग लपूनछपून काच फोडणे परवडले. त्यानंतर लंडनच्या दुकानांच्या काचा फुटू लागल्या. बंदोबस्ताच्या कठोरपणाने आंदोलन शमले नाही, त्याने रूप बदलले.

७/
तुरुंगातील उपोषणांना सरकारने नळीने बळजबरीने अन्न घालून उत्तर दिले. त्यावर ओरड झाली तेव्हा १९१३ मध्ये खास कायदा आला: उपोषणाने खंगलेल्या कैद्याला सोडायचे, प्रकृती सुधारली की पुन्हा पकडायचे. लोकांनी त्याला ‘मांजर-उंदराचा कायदा’ असे नाव दिले. ९ मार्च १९१४ रोजी ग्लासगो येथे पँकहर्स्ट पुन्हा पकडल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी रिचर्डसनने सुरा उचलला.

८/
तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली. कलाकृतीच्या नासधुशीसाठी तेव्हा याहून अधिक शिक्षा देताच येत नव्हती. वृत्तपत्रांनी तिला ‘स्लॅशर मेरी’ ठरवले. मिलिसेंट फॉसेट यांच्यासारख्या सनदशीर मार्गाच्या नेत्यांना वाटे की अशा कृत्यांनी मताधिकाराचीच हानी होते. १९०९ मध्ये लंडनमध्ये असलेल्या गांधीजींनाही या स्त्रियांचे धैर्य भावले. त्यांच्या हिंसक मार्गाबद्दल मात्र त्यांनी स्पष्ट नापसंती दर्शवली.

९/
१९१८ मध्ये तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना मत मिळाले. १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने. याचे श्रेय काचा फोडणाऱ्यांचे, अर्ज लिहिणाऱ्यांचे की महायुद्धात कारखाने चालवणाऱ्यांचे, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. म्हणून ‘सफ्रजेटांनीही असेच केले होते’ हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. ते अर्धेच खरे आहे.

१०/
खुद्द मेरी रिचर्डसनचे पुढील आयुष्य आणखी सावध करणारे आहे. १९३० च्या दशकात ती ओसवाल्ड मोझली यांच्या ब्रिटिश फॅसिस्ट पक्षात गेली; काही वर्षांनी बाहेर पडली. धैर्य ही एक गोष्ट, विवेक ही दुसरी. आणि याच फॅसिस्टांमुळे या कथेतला पुढचा कायदा जन्माला आला.

११/
४ ऑक्टोबर १९३६ रोजी मोझलींचे काळे सदरेवाले पूर्व लंडनच्या ज्यू वस्तीतून संचलन करणार होते. केबल स्ट्रीटवर स्थानिकांनी अडथळे उभारून ते रोखले. त्याच वर्षी ‘पब्लिक ऑर्डर ॲक्ट’ आला. राजकीय गणवेशावर बंदी घालण्यात आली आणि मोर्च्यांवर अटी लादण्याचे अधिकार पोलिसांना मिळाले. हेतू फॅसिस्टांना आवरण्याचा होता. पण कायद्यात शत्रूचे नाव लिहिलेले नसते. पुढील दशकांत तो इतरांनाही लागू होत राहिला.

१२/
१९८४-८५ चा खाणकामगारांचा संप आणि शहरांतील दंगली यांनंतर १९८६ मध्ये नवा ‘पब्लिक ऑर्डर ॲक्ट’ आला. यात प्रथमच एका जागी थांबलेल्या जमावावरही अटी घालता येऊ लागल्या. ‘जमाव’ म्हणजे किती माणसे? कायद्याने आकडा दिला: २०. हा आकडा लक्षात ठेवावा. त्याचे आयुष्य मोठे बोलके आहे.

१३/
१९९० च्या दशकात पर्यावरणवादी रस्त्यावर उतरले ते रस्त्यांच्याच विरोधात. ट्वायफर्ड डाउन, न्यूबरी अशा ठिकाणी महामार्गांसाठी टेकड्या आणि झाडी कापली जात होती. तरुण झाडांवर मुक्काम ठोकत, जमिनीखाली बोगदे खणून बसत. १९९४ च्या कायद्याने ‘कामात अडथळा आणणारे अतिक्रमण’ हा नवा फौजदारी गुन्हा निर्माण केला. रस्ते बहुतेक झाले. कायदाही राहिला.

१४/
हवामान हा शब्द पोलिसांच्या नोंदवहीत ठळक झाला तो नंतरच्या दशकात. एप्रिल २००९ मध्ये रॅटक्लिफ-ऑन-सोअर येथील कोळशाचे वीजकेंद्र बंद पाडण्याचा बेत आखणाऱ्या ११४ जणांना नॉटिंगहॅमच्या एका शाळेतून पकडण्यात आले. बेत अजून अमलात आला नव्हता. मग पोलिसांना तो कळला कसा?

१५/
उत्तर धक्कादायक होते. आंदोलकांत सात वर्षे मित्र म्हणून वावरलेला एक माणूस, मार्क केनेडी, प्रत्यक्षात पोलीस होता. खोट्या नावाने त्याने चळवळीतील स्त्रियांशी दीर्घ प्रेमसंबंधही ठेवले होते. जानेवारी २०११ मध्ये सहा जणांवरील खटला कोसळला. त्याच वर्षी आणखी वीस जणांच्या शिक्षा रद्द झाल्या, कारण केनेडीच्या ध्वनिफिती बचाव पक्षापासून लपवल्या गेल्या होत्या. २०१५ मध्ये गुप्त पोलिसी कारवायांची सार्वजनिक चौकशी नेमावी लागली.

१६/
दरम्यान ‘जमावा’चा आकडा घसरला होता. २००३ च्या कायद्याने २० चे २ झाले. दोन माणसे एकत्र थांबली तरी कायद्याच्या दृष्टीने जमाव! या बदलाची तेव्हा सामान्य लोकांत फारशी चर्चा झाली नाही. ज्यांच्यावर ही तरतूद मोठ्या प्रमाणावर लागू होणार होती, ती पिढी तेव्हा शाळेत होती.

१७/
३१ ऑक्टोबर २०१८ रोजी संसदेसमोर ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ने आपले बंड जाहीर केले. त्याच नोव्हेंबरात थेम्सवरचे पाच पूल अडवले गेले. एप्रिल २०१९ मध्ये ऑक्सफर्ड सर्कसच्या चौकात गुलाबी होडी उभी राहिली, वॉटर्लू पुलावर कुंड्या मांडल्या गेल्या. हजाराहून अधिक अटका झाल्या. अटक होणे हाच डाव होता: तुरुंग भरले की सरकार बोलेल. सत्याग्रहाच्या परंपरेत वाढलेल्या भारतीय वाचकाला हा डाव ओळखीचा वाटेल.

१८/
१ मे २०१९ रोजी ब्रिटिश संसदेने हवामान आणीबाणीचा ठराव मंजूर केला. जूनमध्ये २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट कायद्यात आले. सरकारच्या अधिकृत सल्लागार समितीची शिफारसही त्यामागे होती. श्रेय एकट्या आंदोलनाचे नव्हे. परंतु रस्ता अडवणाऱ्यांना ‘हे चालते’ असे वाटले. त्या आत्मविश्वासाची परीक्षा पाच-सहा महिन्यांतच झाली.

१९/
१७ ऑक्टोबर २०१९, सकाळची गर्दीची वेळ. पूर्व लंडनमधील कॅनिंग टाउन स्थानकात काही कार्यकर्ते मेट्रोच्या डब्याच्या छतावर चढले. खाली कामावर निघालेली माणसे खोळंबली. संतप्त प्रवाशांनी त्यांना खाली खेचले, मारहाण झाली. हा भाग कष्टकऱ्यांचा, आणि अडवलेले वाहन विजेवर चालणारे, म्हणजे प्रदूषण कमी करणारेच. या कृतीला संघटनेतल्याच अनेकांचा विरोध होता.

२०/
त्याच आठवड्यात पोलिसांचीही चूक घडली. १४ ऑक्टोबरला लंडन पोलिसांनी १९८६ च्या कायद्याचे कलम १४ वापरून ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ला संपूर्ण शहरात बंदी घातली. ६ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली: वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी होणारी निदर्शने मिळून एक ‘जमाव’ होत नाही. तोपर्यंत त्या बंदीखाली शेकडो लोक पकडले गेले होते.

२१/
सप्टेंबर २०२१ मध्ये ‘इन्सुलेट ब्रिटन’चे कार्यकर्ते लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावर बसले. मागणी साधी होती: घरांमधून वाया जाणारी उष्णता रोखा, सरकारी घरांपासून सुरुवात करा. पण चालकांना दिसत होता तो अडलेला रस्ता. कोणी रुग्णालयात निघालेले, कोणी आजारी आईकडे. लोकांनी आंदोलकांना फरफटत बाजूला केले, त्यांच्यावर शाई फेकली. एकीने गाडी हळूहळू त्यांच्या अंगावर नेली.

२२/
तो राग खोटा नव्हता. ज्याची रुग्णवाहिका अडते त्याला पुढच्या शतकाचे तापमान सांगून समजूत पटत नाही. मतचाचण्यांत या आंदोलकांच्या पद्धतीला मोठे बहुमत विरोधात होते. गंमत अशी की घरे उष्णतारोधक करण्याच्या मागणीला लोकांचा चांगला पाठिंबा होता. मागणी मान्य, मागणारे अमान्य: रास्ता रोकोच्या इतिहासातला हा जुनाच पेच.

२३/
समाजशास्त्रज्ञांनी हा पेच तपासला आहे. अमेरिकेतील प्रयोगांत दिसले की टोकाच्या कृतींनी लक्ष वेधले जाते, पण सहानुभूती घटते. उलट, नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘जस्ट स्टॉप ऑइल’ने एम-२५ अडवल्यानंतर केलेल्या पाहणीत ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या मवाळ संघटनेबद्दलची आपुलकी थोडी वाढलेली आढळली. जहालांना शिव्या, मवाळांना मान. टिळक-गोखल्यांच्या महाराष्ट्राला जहाल-मवाळ ही जोडी नवी नाही.

२४/
रागाला कायद्याचे रूप यायला वेळ लागला नाही. एप्रिल २०२२ च्या कायद्याने ‘सार्वजनिक उपद्रवा’साठी दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली. रस्ता अडवण्याला पूर्वी फक्त दंड होता, आता तुरुंगही आला. निदर्शनाचा आवाज फार झाला तरी पोलिसांना अटी घालता येऊ लागल्या, अगदी एकटा माणूस निदर्शन करत असला तरी. २० चे २, आणि २ चा १. आकड्याचा प्रवास पूर्ण झाला.

२५/
मे २०२३ च्या ‘पब्लिक ऑर्डर ॲक्ट’ने स्वतःला एखाद्या वस्तूशी जखडून घेणे, त्यासाठीचे साहित्य बाळगणे, बोगदा खणणे हे सारे गुन्हे ठरवले. २ मे रोजी राजाची मान्यता मिळाली. ६ मे रोजी राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक. त्या सकाळी राजेशाहीविरोधी ‘रिपब्लिक’ संघटनेच्या सहा जणांना अटक झाली, कारण त्यांच्याकडे पट्टे सापडले. ते पट्टे फलक बांधण्यासाठी होते. पोलिसांनी नंतर खेद व्यक्त केला. आरोप ठेवले गेले नाहीत.

२६/
हवामान आंदोलकांसाठी घडवलेले हत्यार चारच दिवसांत भलत्यांवर चालले. १९३६ ची आठवण येथे अपरिहार्य आहे. कायदा करताना समोर नावडते लोक असतात, म्हणून फारसे कोणी हरकत घेत नाही. तो वापरताना समोर कोण असेल, हे कायदा करणाऱ्याच्या हातात नसते.

२७/
शिक्षाही वाढल्या. २०२२ मध्ये डार्टफर्डजवळच्या पुलावर चढून वाहतूक रोखणाऱ्या दोघांपैकी एकाला तीन वर्षे झाली. जुलै २०२४ मध्ये एम-२५ च्या कटाबद्दल रॉजर हॅलम यांना पाच आणि इतर चौघांना चार-चार वर्षे. पुराव्यात त्यांच्या झूमवरील बैठकीचे ध्वनिमुद्रण होते. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने या पाचही जणांच्या शिक्षा कमी केल्या, हॅलम यांची चार वर्षांवर आणली. रिचर्डसनला प्रत्यक्ष चित्र फाडून सहा महिने झाले होते.

२८/
न्यायालयातही बंदोबस्त पोहोचला. काही खटल्यांत न्यायाधीशांनी आरोपींना ज्यूरीसमोर हवामानाचा विषय काढण्यास मनाई केली; ज्यांनी काढला ते अवमानाबद्दल तुरुंगात गेले. २०२३ मध्ये एक निवृत्त समाजसेविका न्यायालयाबाहेर फलक घेऊन शांतपणे उभी राहिली: ज्यूरीला सदसद्विवेकाने निर्दोष ठरवण्याचा अधिकार आहे. तिच्यावरही अवमानाची कारवाई मागितली गेली.

२९/
तिच्या फलकावरचा मजकूर नवा नव्हता. १६७० मध्ये विल्यम पेन यांच्या खटल्यात ज्यूरीने दडपणाला न जुमानता दोषी ठरवण्यास नकार दिला होता. त्या घटनेचा स्मृतिफलक लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातच आहे. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या स्त्रीवरील कारवाईस परवानगी नाकारली. भिंतीवर जे सन्मानाने कोरले आहे, ते हातात धरणे गुन्हा ठरले नाही.

३०/
न्यायालयांनी इतरत्रही लगाम घातला. २०२३ मध्ये गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी ‘गंभीर अडथळा’ याची व्याख्या ‘किरकोळपेक्षा जास्त’ अशी बदलली, तीही लॉर्ड्स सभागृहाने आधी फेटाळल्यावर, नियमांच्या आडमार्गाने. ग्रेटा थुनबर्ग यांना लंडनमध्ये अटक झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या निर्दोष सुटल्या, कारण पोलिसांनी घातलेल्या अटीच संदिग्ध होत्या. मे २०२४ मध्ये ती व्याख्याही बेकायदा ठरली.

३१/
अडथळा टाळला तर काय होते? १ जानेवारी २०२३ रोजी ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ने सामान्य जनतेला वेठीस धरणे थांबवत असल्याचे जाहीर केले. एप्रिलमध्ये चार दिवस संसदेभोवती हजारो लोक शांतपणे जमले. लंडन मॅरेथॉन निर्विघ्न पार पडावी म्हणून त्यांनी सहकार्यही केले. सरकारने मागण्यांना दाद दिली नाही. वृत्तपत्रांतही गोंगाटाच्या तुलनेत शांततेला जागा थोडीच मिळाली. ज्यांनी सभ्यतेचा सल्ला दिला होता, त्यांच्यावरही हा प्रश्न उधार राहिला.

३२/
‘जस्ट स्टॉप ऑइल’ची मूळ मागणी होती तेल-वायूचे नवे परवाने थांबवणे. जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात ते आश्वासन होते. मार्च २०२५ मध्ये संघटनेने मागणी धोरणात उतरल्याचे सांगत थेट कृती थांबवण्याची घोषणा केली. २६ एप्रिलला शेवटचा मोर्चा निघाला. तेव्हा तिचे काही कार्यकर्ते तुरुंगातच होते.

३३/
त्यानंतर सहाच दिवसांनी, २ मे २०२५ रोजी, अपील न्यायालयाने ‘किरकोळपेक्षा जास्त’ ही व्याख्या बेकायदा असल्याचा निर्णय कायम केला. अपील चालू असेतो ती लागू राहिली होती, आणि तिच्या आधारे लोक पकडले गेले होते. नियम मागे पडला. पण २०२२ आणि २०२३ चे मूळ कायदे तसेच राहिले: दहा वर्षांच्या तरतुदीसह आणि ‘एक’ या आकड्यासह.

३४/
रोकबी व्हीनस दोन्हीदा दुरुस्त होऊन भिंतीवर परतली. १९१४ चे वार जवळून पाहणाऱ्यालाच कळावेत इतके बुजले. २०२३ मध्ये घाव मुख्यतः काचेने झेलला. जनतेचा रागही असाच असतो. काच बदलली की ओसरतो. रागाच्या भरात केलेला कायदा मात्र कोणी बुजवायला बसत नाही. म्हणून रस्ता अडवणाऱ्याचा खुशाल राग करावा. पण त्या रागाच्या नावाने पुढे आलेला कागद सही होण्यापूर्वी वाचून घ्यावा. उद्या त्या फुटपाथवर फलक घेऊन एकटे कोण उभे असेल, हे त्यात लिहिलेले नसते.

(समाप्त)